काटा कुठं होता?

आपल्या भाषेत ‘पिकअप’ ह्या शब्दाला दोन अर्थ प्राप्त झाले आहेत. पुढे दोन-तीन माणसांपुरती केबिन आणि मागे उघडा हौदा असलेले मालवाहू वाहन हा एक, आणि पायाखालची पट्टी दाबताच वेग घेण्याची इंजिनाची तयारी हा दुसरा. ‘आमच्या पिकअपला पिकअप राहिला नाही’ असे वाक्य पुण्याच्या मार्केट यार्डाबाहेर पहाटे उभे राहणाऱ्यास सहज कानी पडेल, आणि ते उच्चारणाऱ्याच्या मुद्रेवर विनोदाचा लवलेशही आढळणार नाही. प्रस्तुत पुस्तिकेचा विषय ह्या दोन अर्थांच्या मध्ये उभा आहे. गाडी शाबूत असताना तिचा दम का जातो, इंजिन उभ्या जागी थरथर का कापते, मेस्त्री लोक ज्याला ‘मिसिंग’ म्हणतात तो ठोका मधूनच का गळतो, आणि ह्या तक्रारीचा तपास कोणत्या क्रमाने करावा, एवढेच तिच्यात सांगितले आहे.

लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी नव्हता. त्याच्यासाठी ग्रंथ आहेत, आणि ते वाचण्यासाठी त्याच्यापाशी वेळही आहे. माझ्यापुढे होता तो सासवडच्या बाजूने अंजीर, सीताफळ, वाटाणा भरून दिवे घाट उतरणारा आणि गाडीचा मालक, चालक, हमाल व प्रसंगी क्लीनर अशा चारही नात्यांनी एकटाच वावरणारा गृहस्थ. त्याची गाडी वीस-पंचवीस वर्षांची, डिझेलवर चालणारी, चार सिलेंडरांची. तिच्यात संगणक नाही, त्यामुळे तारेने जोडून बिघाडाचा आकडा वाचून दाखवणारे यंत्र तिच्यापुढे मुके. अशा गाडीची जबानी कानांनी, नाकाने आणि तळहाताने घ्यावी लागते. ती कशी घ्यावी हे मालकास ठाऊक असले, तर गॅरेजात त्याचे पैसे वाचतात; ठाऊक नसले, तर जो भाग सर्वांत महाग तोच सर्वांत प्रथम खोलला जातो, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

पुण्यात अशा पुस्तिकेची उणीव भासावी, ही गोष्ट जराशी चमत्कारिकच म्हटली पाहिजे. खडकीला 1946 साली किर्लोस्करांनी ऑइल इंजिनांचा कारखाना उभारला, आणि त्या इंजिनांच्या टुकटुक आवाजावर पश्चिम महाराष्ट्रातील विहिरी दोन पिढ्या उपसल्या गेल्या. नवलमल फिरोदिया ह्यांनी 1958 साली जर्मनीतील टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने तीनचाकी मालगाडी काढली; तो उद्योग पुढे आकुर्डीस स्थिरावला, आणि त्या गाडीचे नाव मराठीत असे मुरले की घरसामान वाहणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या गाडीस आपण आजही निःशंकपणे टेम्पो म्हणतो. टेल्कोने पिंपरीस बस्तान बसवले आणि 1988 साली टाटामोबाइल नावाची पिकअप बाजारात आणली. वाहनसंशोधन करणारी ‘एआरएआय’ ही संस्था 1966 पासूनची, वेताळ टेकडीच्या अंगावर वसलेली. इतके सारे असूनही ह्या शहरात इंजिनाविषयी मराठीतून जे ज्ञान आहे, ते बव्हंशी नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांच्या फळ्यांवर आणि मेस्त्रींच्या बोलण्यात आहे. कागदावर फारच थोडे उतरले आहे.

ह्याच नाना पेठेला लागून रास्ता पेठ आहे, आणि रास्ता पेठेत टिळक आयुर्वेद महाविद्यालय आहे. सुटे भाग आणायला जाताना मी त्या इमारतीवरून असंख्य वेळा गेलो असेन. परंतु आपल्या विषयाची खरी परिभाषा त्या भिंतींच्या आत शिकवली जाते हे ध्यानात यायला मला बराच काळ लागला. आयुर्वेदाने रोगज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत: निदान म्हणजे रोगाचा हेतू, पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्याआधीच्या खुणा, रूप म्हणजे प्रकट लक्षण, उपशय, आणि संप्राप्ती म्हणजे दोष शरीरात कोणत्या वाटेने पसरला त्याचा वृत्तान्त. ह्यांतील उपशय मला विशेष मोलाचा वाटतो. लक्षणे गूढ असतील, दोन व्याधींचे रूप सारखेच दिसत असेल, तेव्हा वैद्याने एखादे औषध, एखादे पथ्य अजमावून पाहावे. त्याने आराम पडला तर रोग एक, न पडला तर दुसरा. म्हणजे येथे औषध हे रोग घालवण्यासाठी नसून रोग ओळखण्यासाठी आहे. आमच्या धंद्यातील जवळजवळ प्रत्येक भली चाचणी ह्या जातीची आहे, आणि जवळजवळ प्रत्येक फसवणूक, मग ती जाणूनबुजून केलेली असो वा अज्ञानाने घडलेली, उपशयाला उपचार समजण्यातून उद्भवते. ‘नोझल बदलून पाहू’ ह्या वाक्यातील ‘पाहू’ विसरला जातो आणि बिलात फक्त ‘बदलून’ उरते.

आता रूपाविषयी. इंजिन आयडलिंगला मिनिटाला साडेसातशे फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलेंडर दोन फेऱ्यांतून एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला पावणेचारशे वेळा. चारही मिळून दीड हजार ठोके, सेकंदाला पंचवीस. पंचविसांतील एकेक ठोका आपला कान वेगळा काढू शकत नाही; त्याला एकसंध घरघर ऐकू येते. परंतु चारांपैकी एक सिलेंडर बसला, की सेकंदाला सहा-सात वेळा एक पोकळी निर्माण होते, आणि ती मात्र कानालाच नव्हे, तर स्टिअरिंगवर ठेवलेल्या बोटांना आणि आरशातील प्रतिबिंबालाही कळते. आरसा तालात थरथरत असेल तर दोष बहुधा एका सिलेंडरापुरता आहे: त्याची नोझल, त्याचे व्हॉल्व्ह, त्याचे कॉम्प्रेशन. थरथर बेताल असेल, इंजिन क्षणभर गुदमरून पुन्हा सावरत असेल, तर दोष चारही सिलेंडरांना सामाईक अशा कुठल्या तरी वाटेवर, म्हणजे टाकीपासून डिझेल पंपापर्यंतच्या मार्गावर शोधावा. आणि रेस थोडी वाढवताच थरथर नाहीशी होत असून ठोके मात्र समान पडत असतील, तर इंजिनाला हातही लावू नये. आयडलिंगचा स्क्रू खाली उतरला आहे काय, आणि इंजिन ज्या रबरांवर बसवलेले असते ती फाउंडेशने चिरली आहेत काय, हे पाहावे. फाउंडेशनच्या रबरापायी हेड उतरवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

ह्या पुस्तिकेचे मूळ कारण झालेली घटना येथेच सांगून टाकतो, कारण पुढील प्रकरणांत तिचा उल्लेख वारंवार येणार आहे. पुरंदर तालुक्यातील एका शेतकऱ्याची पिकअप परतीच्या वाटेवर आजारी पडत असे. पहाटे माल भरून ती पुण्याला निमूट येई. दुपारी रिकामी परतताना, आणि त्यातही दिवे घाटाच्या चढावर, इंजिन अडखळू लागे, दम सोडी, एखाद्या वळणावर बंदही पडे. घरी उभी करून थोड्या वेळाने चालू करावी, तर दहा मिनिटे कुरकुर करून पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र काहीच झाले नसल्याप्रमाणे ती ठणठणीत. तीन गॅरेजे झाली. पहिल्याने डिझेल फिल्टर बदलला, ते योग्यच होते. दुसऱ्याने चारही नोझल बदलल्या. तिसऱ्याने डिझेल पंप उतरवून कॅलिब्रेशनला धाडला, आणि महिन्याभराने, तक्रार तशीच राहिल्यामुळे, पुन्हा एकदा धाडला. प्रत्येकाने आपापली उपपत्तीही सांगितली: गाडी रिकामी असली की हलते, वजन पडले की दबून चालते; घाटात पंपावर ताण येतो; दुपारच्या उन्हाने डिझेल पातळ होते. तिन्ही उपपत्ती ऐकायला पटण्याजोग्या होत्या, आणि त्या मालकाने मलाही इतक्या खात्रीने सांगितल्या की त्या त्याच्याच आहेत असे मला वाटले.

मी त्याला ज्या वृद्ध मेस्त्रींकडे घेऊन गेलो, त्यांनी बॉनेट उघडले नाही. ते गाडीच्या पायरीवर बसले, चहा मागवला, आणि विचारले, “बंद पडती तवा काटा कुठं असतो?” मालकाला वाटले तापमानाचा काटा, त्याने तो मध्यावर असतो असे सांगितले. मेस्त्री म्हणाले, “तो नाही हो पाहुणे. डिझेलचा.” मालक गप्प झाला. हा प्रश्न त्याला कोणीच विचारला नव्हता. मग हळूहळू सारे बाहेर आले. गृहस्थ बेताच्या ऐपतीचा. टाकी भरण्याची चैन त्याने कधी केली नव्हती. रोज संध्याकाळी गावाजवळच्या पंपावर तो दिवसाच्या फेरीपुरते ठरावीक रुपयांचे डिझेल घाली, आणि दुसऱ्या दुपारी घाटाच्या पायथ्याशी काटा पावाच्या खाली आलेला असे. गॅरेजात गाडी नेताना मात्र, मेस्त्री ट्रायल मारणार म्हणून, तो वाटेत दहा लिटर अधिक घाली. म्हणजे तिन्ही गॅरेजांनी ती गाडी निरोगी अवस्थेतच तपासली होती.

ओझे, घाट, ऊन आणि टाकीची पातळी ह्या चार गोष्टी रोज एकाच वेळी बदलत होत्या, आणि पहिल्या तीन नजरेत भरणाऱ्या असल्याने चौथीकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. मेस्त्रींनी टाकीतून वर येणारी ओढनळी बाहेर काढली. तिच्यावर, तळापासून चार-पाच बोटे उंचीवर, केसाएवढी चीर होती. डिझेल चिरेच्या वर असेतो चीर बुडालेली, आणि बुडालेल्या चिरेतून आत येणार ते डिझेलच. पातळी चिरेखाली गेली की फीड पंप डिझेलाबरोबर हवा ओढी. ही हवा बाहेरून दिसत नाही. पंपापुढील दाबाच्या बाजूला गळती असेल तर डिझेल ठिबकते आणि मालकाला जमिनीवर डाग दिसतो. ओढीच्या बाजूची गळती कोरडी राहते, कारण तेथून काही बाहेर पडत नाही, बाहेरचेच आत जाते. आणि डिझेल इंजिनात हवेचा बुडबुडा किती अनर्थ करतो हे समजण्यासाठी एवढेच ध्यानात घ्यावे, की द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. नोझल उघडण्यासाठी ह्या जुन्या इंजिनांत शंभराहून अधिक वातावरणांचा दाब लागतो. पंपाचा दट्ट्या तो दाब निर्माण करायला वर येतो, पण नळीत बुडबुडा असल्यास त्याची सारी धाव बुडबुडा आवळण्यात खर्ची पडते आणि नोझल बंदच राहते. दट्ट्या आपले काम चोख करतो आणि सिलेंडर उपाशी राहतो. अशा पंपाला कॅलिब्रेशनला धाडणे म्हणजे पाण्याच्या टाकीला भोक पडले म्हणून नळ बदलण्यासारखे आहे.

नळी बदलण्यापूर्वी मेस्त्रींनी जी चाचणी घेतली ती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि पुस्तिकेचे सर्वांत मोठे प्रकरण तिच्यावरच आहे. पाच लिटरचा स्वच्छ कॅन गाळलेल्या डिझेलने भरून त्यांनी तो इंजिनाहून उंच टांगला, फीड पंपाची ओढनळी आणि जादा डिझेल परत नेणारी नळी अशा दोन्ही त्यात सोडल्या, हातपंपाने हवा काढली आणि गाडी काटा खाली असलेल्या अवस्थेतच चालू केली. इंजिन अर्धा तास एका सुरात चालले. ह्या एका उपशयाने टाकी व तिची नळी आरोपीच्या पिंजऱ्यात उरली आणि पंप, नोझल, व्हॉल्व्ह, गॅस्केट सारी निर्दोष सुटली. खर्च एका कॅनचा. तीन गॅरेजांचा एकत्रित हिशेब मालकाने मला दाखवला होता. तो आकडा मी येथे देत नाही, कारण तो वाचून अन्य मालकांना उगाच धीर येईल.

दुसरी चाचणी सर्वांना ठाऊक असते, पण अर्धीच. इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका नोझलच्या माथ्यावरील नळीचा नट किंचित सैल करावा: त्या सिलेंडरचे डिझेल आत न जाता बाहेर झिरपते, म्हणून तो चालत असेल तर आवाज खाली बसतो आणि मुळातच बंद असेल तर काहीच फरक पडत नाही. दोषी सिलेंडर असा सापडतो. येथे बहुतेक जण थांबतात आणि नवी नोझल आणायला नाना पेठेचा रस्ता धरतात. वास्तविक येथे तपासाला सुरुवात होते. त्या सिलेंडरची नोझल शेजारच्या सिलेंडरला व शेजारची त्याला लावावी, तांब्याचे वॉशर मात्र नवे घालावे. दोष नोझलबरोबर शेजारी गेला तर नोझल अपराधी. जागीच राहिला तर नोझल बिचारी निरपराध, आणि मग टॅपेटची फट फिलर गेजने मोजावी. टॅपेट आवळलेला असल्यास व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, दाब निसटतो, आणि डिझेल इंजिनात दाब गेला की आगही गेली, कारण येथे ठिणगी नाही. हवा वीस-बावीस पटीने दाबून जी उष्णता निर्माण होते तीच काडी. टॅपेटही ठीक असतील तरच कॉम्प्रेशन मोजावे, आणि हेड उतरवण्याची भाषा त्यानंतर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा दंडक मी पुस्तिकेत इतक्या ठिकाणी लिहिला आहे की वाचकास कंटाळा येईल, येऊ द्यावा.

धुराविषयी लोकांत फार श्रद्धा आहे, म्हणून त्याचे प्रकरण मी मुद्दाम लहान ठेवले. काळा धूर म्हणजे डिझेल अधिक किंवा हवा कमी, तेव्हा आधी एअर फिल्टर झटकून पाहावा. निळा म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा आणि नाकाला झोंबणारा म्हणजे न पेटलेले डिझेल, आणि पांढरा असून रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून साचलेले पाणी काढत जावे. धूर साक्षीदार म्हणून बरा, पण त्याच्या एकट्याच्या साक्षीवर कोणाला शिक्षा देऊ नये.

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या जीपच्या धर्तीच्या पिकअप अजून काही वाड्यांत आणि शेतांवर उभ्या आहेत. त्यांची चौकशीही ह्याच रीतीची. नटाच्या जागी प्लगची वायर काढून पाहायची, आणि डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडल्यावर वायरी परत लावताना 1-3-4-2 हा क्रम चुकवायचा नाही, एवढाच भेद. वायरींची अदलाबदल करून नंतर कार्बुरेटरला दोष देणारे सद्गृहस्थ मला भेटले आहेत. त्यांत एकदा मी स्वतः होतो.

पंपाच्या अंतरंगाविषयी ह्या पुस्तिकेत काहीही नाही, आणि तो अनवधानाने राहिलेला दोष नव्हे. पंप सीलबंद असतो, त्याचे मोजमाप चाचणीबाकावरच होते, आणि त्याचे काम करणारे कारागीर वेगळे. परंतु तो गूढ आहे म्हणूनच प्रत्येक अनुत्तरित तक्रार त्याच्या नावे खर्ची टाकण्याची वहिवाट पडली आहे, जशी पूर्वी न समजलेली प्रत्येक व्याधी बाहेरच्या बाधेवर ढकलली जाई. पंप बिघडत नाही असे नाही. तो सर्वांत शेवटी बिघडतो, आणि बहुधा त्याच्या आधीच्या फिल्टरची कोणी कित्येक वर्षे विचारपूस न केल्यामुळे बिघडतो.

ज्या मेस्त्रींच्या बोलण्यावरून ही पुस्तिका सिद्ध झाली त्यांचे नाव येथे छापण्यास त्यांनी मनाई केली. छपाईपूर्वी मजकूर मी त्यांना वाचून दाखवला. संस्कृत शब्दांवर ते काही बोलले नाहीत. उपशयाची व्याख्या मात्र त्यांनी दोनदा वाचायला लावली आणि मान हलवली. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. नोझलच्या फवाऱ्यापुढे उघडा हात कधीही धरू नये, तो दाब कातडी भेदून डिझेल मांसात घुसवतो, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापावे लागते, फवारा पाहायचाच तर पुठ्ठा धरावा, ही सूचना मी अकराव्या प्रकरणाच्या शेवटी लिहिली होती. त्यांनी आपला डावा हात पुढे केला, तर्जनीचे अर्धे पेर नसलेला, आणि म्हणाले, “हे पहिल्या पानावर घाला.” त्याप्रमाणे ती पहिल्या पानावर घातली आहे.